गावचे दुकान आणि गावाचे देणे

कोणत्याही शाळेची स्मरणिका हाती आली की आम्ही ती मागच्या बाजूने उघडतो. पुढच्या पानांवर मान्यवरांचे शुभेच्छा-संदेश आणि छायाचित्रे असतात. मागच्या पानांवर जाहिराती असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला या मागच्या पानांतच अधिक काही सापडते. कृषी सेवा केंद्र, भाजीपाल्याची रोपवाटिका, क्रेट वाहून नेणारा टेम्पोमालक, मंडप व केटरिंगवाला, दूध संकलन केंद्र, पतसंस्था, महामार्गावरची खानावळ, मोबाइल शॉपी, केशकर्तनालय अशा छोट्या छोट्या चौकटींतून एका परिसराचे सारे अर्थकारण डोळ्यांपुढे उभे राहते. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक येडगाव-नारायणगाव परिसराचा इतिहास लिहावयास बसला, तर संदेशांपेक्षा या जाहिरातीच त्याच्या उपयोगी पडतील.

या जाहिरातींच्या पैशावरच स्मरणिका छापून निघते, हे आम्ही जाणतो आणि जाहिरातदारांचे ऋण मानतो. परंतु ऋणाची वही दोन्ही बाजूंनी लिहावी लागते. गावच्या आधारावर चालणारा छोटा व्यवसाय गावाला काय देणे लागतो, हा प्रश्न आमच्या सार्वजनिक जीवनात क्वचितच विचारला जातो. आणि विचारलाच, तर त्याचे उत्तर ठरलेले असते. यात्रेला वर्गणी, सप्ताहाची पंगत, क्रिकेट स्पर्धेचा चषक, गरीब विद्यार्थ्यांना वह्या आणि पाण्याच्या टाकीवर देणगीदाराचे नाव. या दानाला आम्ही तुच्छ लेखत नाही. आमच्या शाळेच्या धान्यकोठीत अशा दानाचे पोते अनेकदा वेळेवर येऊन पडलेले आहे. तथापि देणगी ही जबाबदारीची सर्वांत सोपी बाब आहे, आणि क्रमाने शेवटची. पहिली जबाबदारी गल्ल्यावरच्या रोजच्या व्यवहारात असते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाहिरातींत एक वाक्प्रयोग वारंवार आढळतो, ‘शून्यातून विश्व निर्माण करणारे’. मालकाच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. पण येथे कोणाचेच शून्य हे खरोखर शून्य नव्हते. कुकडी नदीवरील येडगावचे धरण १९७७ साली पूर्ण झाले. कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी ते एक; माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातील डिंभे ही उरलेली चार. वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येडगावच्या जलाशयात येते आणि येथून निघणारा डावा कालवा ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत घेऊन जातो. या प्रकल्पाने कोरडवाहू रानाचे बागायत झाले. ऊस आला, द्राक्षे आली, टोमॅटो आला. त्यामागून खताची दुकाने, रोपवाटिका, गॅरेज, पतसंस्था आणि मंगल कार्यालये आली. म्हणजे आज मुख्य रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाळ्यांच्या पायाखाली सार्वजनिक पैशाने अडवलेले सार्वजनिक पाणी आहे. आणि त्या पाण्याखाली कोणाची तरी शेते व घरे आहेत. डिंभे धरणात तर जुने आंबेगाव हे गावच बुडाले. तालुक्याला त्याचे नाव तेवढे उरले. ज्यांचे गेले त्यांत महादेव कोळी समाजाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांतील कित्येकांची मुले आज याच बागायती पट्ट्यात तोडणीला आणि बांधणीला येतात. ज्यांच्या जमिनीवर पाणी उभे राहिले ते त्याच पाण्यावर पिकलेल्या मालाचे हमाल व्हावेत, याला योगायोग म्हणून कसे सोडून द्यावे?

व्यवसाय आणि समाज यांचे नाते जुन्नरला नवे नाही. ते येथे दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलेले आहे. जुन्नरच्या भोवती मानमोडी, शिवनेरी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत पावणेदोनशेहून अधिक लेणी आहेत. नाणेघाटाने कोकणातील बंदरांशी जोडलेली ही बाजारपेठ होती आणि तिच्या वैभवाचा मोठा वाटा बौद्ध भिक्षुसंघाच्या निवासासाठी खर्च झाला. सहलीला जाणारे विद्यार्थी लेण्यांची लांबीरुंदी पाहतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. भिंतींवरचे ब्राह्मी लेख मात्र कोणी वाचून दाखवीत नाही. ते वाचले पाहिजेत. राजा-राण्यांपेक्षा व्यवसायी माणसेच तेथे अधिक भेटतात. सात खोल्यांचे एक लेणे आणि पाण्याचे टाके धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिले आहे. एक टाके कल्याणच्या सोनाराचे दान आहे. परदेशातून येऊन येथे स्थिरावलेल्या यवनांनीही टाकी दिली, भोजनमंडप दिला. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि टाके दिल्याची नोंद मानमोडीला आहे. या लेखांत टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो, आणि तो पुन्हा पुन्हा येतो. घाटावरच्या कोरड्या डोंगरात भिक्षूला आणि वाटसरूला सर्वांत अधिक गरज कशाची, हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते.

परंतु आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो निराळाच लेख. त्यात दानाचा पैसा वंसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासाकारांच्या, म्हणजे काशाची भांडी घडविणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून गुंतविल्याचे सांगितले आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. टोपल्या, सुपे, कणग्या विणणाऱ्या कारागिरांची संघटना त्या काळी इतकी विश्वासार्ह होती की दाता आपला पैसा तिच्याकडे निर्धास्तपणे सोपवीत असे आणि त्याच्या उत्पन्नावर पुढची व्यवस्था चालावी अशी अपेक्षा करीत असे. आजच्या भाषेत सांगायचे तर बुरुडांची संघटना ही गावची बँक होती! आणि आज? आठवडे बाजारात बुरूड समाजाची बाई रस्त्याच्या कडेला, गटाराच्या शेजारी, उन्हात सुपे मांडून बसते. बाजार समितीत तिला गाळा नाही, बँकेत तिला तारण नाही. हात तेच, कसब तेच. मधल्या काळात घडले एवढेच की व्यवसायाची जात झाली. श्रेणीत माणूस धंद्याने ओळखला जाई आणि संघटनेच्या बळावर पत मिळवीत असे. जातीत तो जन्माने बांधला गेला आणि पत कायमची गमावून बसला. प्राचीन काळ हा सुवर्णकाळ होता असे आम्ही म्हणत नाही, त्या काळीही दास होते आणि विषमता होती. पण जे लोक जातिव्यवस्थेला श्रमविभागणी म्हणून गौरवितात, त्यांनी एकदा जुन्नरच्या डोंगरावर जाऊन हा लेख पाहावा. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धान्त येथे दगडात पुरावा घेऊन उभा आहे.

श्रेणी मोडल्यानंतर जे आले त्याला आपण गावगाडा म्हणतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्याचे बारकाईने वर्णन आहे. बारा बलुतेदारांना कामाच्या मोबदल्यात धान्य मिळे. भाव ठरविण्याचा, काम नाकारण्याचा वा गिऱ्हाईक निवडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. महाराच्या वाट्याला तर वतनाच्या नावाखाली चोवीस तासांची वेठ आली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते या वेठीविरुद्धच. गावगाड्यातील जिव्हाळ्याच्या आठवणी सांगणारे लेख अधूनमधून वाचनात येतात. त्या जिव्हाळ्यात कोणाच्या ताटात काय पडत होते, हे सांगणारे लेखही आमच्या लोकांनी लिहिले आहेत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

गावात दुकानदाराच्या हाती केवढी सत्ता असते, याचा लेखी पुरावा १९३० साली सरकारदरबारी नोंदला गेला. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावण्याचा प्रयत्न केला की गाव बहिष्काराचे शस्त्र उपसते, आणि त्या शस्त्राची धार कशात असते, हे त्या अहवालात सांगितले आहे: शेतावरचे काम बंद, वहिवाटीच्या वाटा बंद, आणि गावच्या वाण्याकडून जिनसांची विक्री बंद. मीठमिरचीच्या दुकानाची फळी खाली ओढली की एक आख्खी वस्ती उपाशी राहू शकते. येथे एक विषयांतर करावेसे वाटते. बहिष्काराचे हे तंत्र आमच्याच जिल्ह्यात सावकाराविरुद्धही वापरले गेले आहे. शिरूर तालुक्यातील करडे गावात १८७४ च्या अखेरीस गावकऱ्यांनी एका सावकाराची सर्व सेवाचाकरी बंद केली, आणि पुढच्याच वर्षी सुप्याला दख्खनच्या दंग्यांचा भडका उडाला. दोन्ही बहिष्कार एकाच मापाने मोजणारे लोक आहेत. आम्ही मोजत नाही. करड्याला कर्जात बुडालेला शेतकरी आपल्याला गिळणाऱ्या सत्तेशी असहकार करीत होता. ज्याच्यापाशी ना जमीन ना विहीर, त्याला मीठ नाकारणे यात कोणता असहकार?

या साऱ्या अनुभवाचे सार संविधानात उतरले आहे. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. पण तो दुकानांविषयी बोलतो, हे किती जणांच्या ध्यानात येते? धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरापासून अडविता येणार नाही, असे तो सांगतो. मूलभूत हक्क बहुतांशी राज्यसंस्थेला बांधतात. हा खंड मात्र थेट गल्ल्यामागे बसलेल्या माणसाला बांधतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ या शब्दात काय काय येते, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की येथे दुकान हा शब्द अत्यंत व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. जेथे मालक आपली सेवा मागेल त्याला देण्यास तयार असतो ते दुकान, आणि त्यात धोब्याची व न्हाव्याची जागाही येते. साताऱ्याच्या लहानपणी ज्यांचे केस कापायला न्हावी तयार नव्हता आणि घरी बहिणीला ते काम करावे लागले, त्या माणसाने देशाच्या संविधानात दुकानाची ही व्याख्या करावी, यातला अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला, १९७६ साली त्याचे नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामकरण झाले. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार लादणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने सामाजिक दायित्वाचे बंधन घातले. ज्यांची निव्वळ मालमत्ता पाचशे कोटींची, उलाढाल हजार कोटींची किंवा निव्वळ नफा पाच कोटींचा, त्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असा तो नियम. गावचा दुकानदार या हिशेबात कोठेच बसत नाही. बसू नये हेही योग्यच. पण त्यामुळे असा एक समज पसरला आहे की सामाजिक जबाबदारी ही मोठ्यांची बाब, आम्ही आपले पोटापुरते कमावणारे. आम्हांला हे मान्य नाही. कंपनीचा कारखाना गावकऱ्याला जन्मभरात एकदाही आतून दिसत नाही. दुकानात मात्र तो दिवसातून दोनदा जातो. त्याची अप्रतिष्ठा वा प्रतिष्ठा तेथेच ठरते.

वेगळी कपबशी आज या परिसरात उघडपणे कोणी ठेवीत नाही. परिस्थिती बदलली, हे नाकारणे हा चळवळीचाच अपमान होईल. पण भेदाने रूप पालटले आहे, आणि पालटलेले रूप कायद्याच्या चिमटीत सापडत नाही. उधारी कोणाला मिळते आणि कोणाला ‘आधी मागची बाकी द्या’ असे चारचौघांत ऐकवले जाते? मुख्य रस्त्यावरचा रिकामा गाळा आडनाव विचारल्यानंतर अचानक ‘पुतण्यासाठी ठेवला आहे’ असा कसा होतो? लग्नाच्या मांडवात खुर्च्या उचलायला आमची मुले चालतात, वाढप्यांच्या रांगेत मात्र का दिसत नाहीत? पतसंस्थेत जामीनदार म्हणून कोणाची सही चालते? यातल्या एकाही गोष्टीवर फिर्याद होत नाही. झाली तरी पुरावा काय द्यायचा?

याचीच दुसरी बाजू आमच्या तरुणांच्या धंद्यात दिसते. या वस्त्यांमधून बाहेर पडलेल्या मुलांनी मोबाइल दुरुस्ती, फोटो स्टुडिओ, ध्वनिक्षेपक, टेम्पो, झेरॉक्स अशी दुकाने काढली आहेत आणि ती चालतातही. खानावळ, मिठाई, दूध, पिठाची गिरणी यांकडे मात्र ती सहसा वळत नाहीत. वळली तर पाटीवर आडनाव लिहीत नाहीत. ‘साई’, ‘माउली’, ‘शिवनेरी’ असे काहीतरी सर्वांना चालणारे नाव घेतात. परदेशातून उच्चशिक्षण अर्धवट ठेवून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि ती बंद करावी लागली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या गोष्टीला शंभर वर्षे उलटली. पाटीवरचे आडनाव झाकून ठेवण्याची गरज आजही भासत असेल, तर ती गरज निर्माण करणारा ग्राहकही या जबाबदारीत भागीदार आहे. दुकानदाराला प्रश्न विचारणाऱ्या गावाने आपण कोणाच्या हातचे खातो, हेही एकदा तपासून पाहावे.

आता मजुरांविषयी. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यभर ठाऊक आहे. जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. वर्तमानपत्रांनी लखपती-कोट्यधीश शेतकऱ्यांच्या कथा छापल्या आणि आम्हांलाही त्याचा आनंद झाला. शेतकऱ्याला वर्षानुवर्षे तोटा सोसावा लागतो, त्याला एखादा हंगाम भरभरून मिळावा हे न्याय्यच आहे. मात्र त्या महिन्यात तोडणीच्या बायकांची हजेरी किती वाढली, क्रेट उचलणाऱ्या पोरांना काय मिळाले, याची बातमी कोठे वाचल्याचे आम्हांला आठवत नाही. दोन महिन्यांत भाव कोसळला, तेव्हा मजुरीची घासाघीस मात्र तत्काळ सुरू झाली. भाव चढला तर मालकाचे नशीब आणि भाव पडला तर मजुराचा तोटा, ही वाटणी कोणत्या न्यायाने? या मजुरांची मुले आमच्याकडे शिकायला असतात. हंगामाच्या मध्यावर नाव काढून घेऊन ती कोठे जातात, ते आम्हांला वर्गातल्या रिकाम्या जागेवरून कळते.

याच नारायणगावात आणखी एक व्यवसाय आहे, ज्याला व्यवसाय म्हणण्याची आपल्याला सवय नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. एकेका फडावर शंभरावर माणसांचे पोट असते. ज्या समाजाच्या कलावंतांनी हा उद्योग उभारला तो बहुतांशी दलित आणि भटका समाज. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. त्यांच्या नावाने आज शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. त्यांचे अखेरचे दिवस मात्र आर्थिक विवंचनेत गेले. यात्रेच्या काळात ज्यांच्या जिवावर भोवतालच्या चहाटपऱ्यांपासून लॉजपर्यंत सर्वांचा गल्ला भरतो, त्या कलावंतिणीला त्याच बाजारात भाड्याने खोली मागायला गेल्यावर काय ऐकावे लागते, ते वाचकांना ठाऊक आहे.

कृषी सेवा केंद्राविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण गावात डॉक्टरखालोखाल विश्वास त्याच्यावर असतो. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. कीटकनाशकाची विक्री बंद करा, असा अर्थ त्यातून आम्ही काढत नाही. आजच्या शेतीचे वास्तव आम्हांला कळते. परंतु विष विकणाऱ्याची जबाबदारी मीठ विकणाऱ्याइतकीच असते, हे म्हणणे भयंकर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यावर त्रिकोण छापलेला असतो: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. हा त्रिकोण किती दुकानदार गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवतात? औषध नेणारा बहुधा मालक असतो आणि फवारणारा मजूर. म्हणजे ज्याला सावध करायचे तो दुकानात येतच नाही. हातमोजे व मुखपट्टी डब्याबरोबर देणे, पक्के बिल देणे, शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळून न देणे, एवढ्यासाठी कोणाचे दिवाळे निघणार नाही.

बुद्धाने गृहस्थाला सांगितलेला विनय ‘सिगालोवाद सुत्ता’त आहे. त्यात मालकाची सेवकांप्रति पाच कर्तव्ये येतात: शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावा, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या एखाद्या ढाब्यावर नेऊन ताडून पाहावी. रात्री एकपर्यंत भांडी घासणाऱ्या मुलाला यातले काय मिळते? त्याच सुत्तात उत्पन्नाचे चार भाग करून एक स्वतः उपभोगावा, दोन धंद्यात घालावेत आणि एक आपत्तीसाठी राखावा असे सांगितले आहे. संपत्ती मिळविण्याला बुद्धाने कोठेही पाप म्हटलेले नाही. ती कशी मिळविली, एवढेच तो विचारतो.

हेच माप आपल्या माणसांनाही लावले पाहिजे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी उद्या धंद्यात स्थिरावेल, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीला सर्वांत मोठी वर्गणी देईल. त्याच्या दुकानातली मुलगी बारा तास उभी राहत असेल तर ती वर्गणी आम्हांला नको. वस्तीतल्या वस्तीत दारूचा अड्डा चालवून जयंतीला हार घालणारे लोक आपल्यात नाहीत काय? महात्मा फुले स्वतः कंत्राटदारी करणारे व्यावसायिक होते. व्यवसायातून आलेला पैसा त्यांनी शाळांना आणि सत्यशोधक समाजाला दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी १८६८ साली केली. स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याला पैसा लागला नाही. जे लागले ते वर्गणीच्या पावतीवर लिहिता येत नाही. जुन्नरच्या डोंगरातली पोढी आणि पुण्यातला हा हौद आमच्या मनात नेहमी शेजारी शेजारी येतात.

व्यवसाय उभा करण्याची निराळी रीतही याच खोऱ्यात आहे. डिंभ्याच्या जलाशयात जमिनी गेलेल्या आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साहाय्याने मच्छीमारीची सहकारी संस्था उभारली. ज्या पाण्याने बुडविले त्याच पाण्यात मासे वाढवून त्यांनी पोट भरले. डोंगरउतारावर सामुदायिक श्रमाने भातखाचरे बांधण्याच्या पडकईच्या परंपरेला बळ दिले. ‘शाश्वत’ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आमच्या मते हीच जुन्नरची जुनी श्रेणी आहे, नव्या काळात पुन्हा जन्मलेली. अशा संस्थांना भांडवल कमी पडते, बाजार दूर पडतो, आणि हिरड्याच्या हंगामात पश्चिम पट्ट्यातील आदिवासी अजूनही काट्यावर वजन किती भरले यापेक्षा काटा कोणाचा आहे याचीच काळजी करतो. तरीही पतसंस्थांनी आणि बाजार समितीने आधी कोणाकडे पाहावे, याचे उत्तर येथे मिळते.

आमचे एक सहकारी म्हणतात, असे लिहाल तर पुढच्या वर्षी जाहिराती मिळणार नाहीत. शक्य आहे. परंतु नववीच्या वर्गाला यंदा इतिहासाचा प्रकल्प म्हणून आम्ही आठवडे बाजाराची पाहणी दिली, तेव्हा आलेला अनुभव वेगळा आहे. मुलांनी दुकानदारांना तीन प्रश्न विचारायचे होते: कामाला किती माणसे आहेत, त्यांची हजेरी लिहून ठेवता काय, आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी देता. काहींनी मुलांना हाकलून दिले. काहींनी चहा पाजून प्रश्नाला बगल दिली. एका रोपवाटिकेच्या मालकाने मात्र थोडा वेळ विचार करून मुलींना विचारले, हजेरीची वही कशी आखायची असते? त्यांनी आपल्याच वहीचे मधले पान फाडून त्याला रकाने आखून दिले: नाव, दिवस, तास, मजुरी, सही. सहीच्या रकान्याशी तो अडला. बायांना सही येत नाही, तो म्हणाला. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या मुली पुन्हा तेथे गेल्या, पाटी आणि पेन्सिल घेऊन.